अभिप्रायाची वही

“हिला नको इचारू, ही इंग्लिश मिडीयमची दिसतीया.”

नकाशासमोर दोघी उभ्या होत्या. त्यातल्या थोरलीनं हे धाकटीला हळूच सांगितलं, पण कलादालनाचा हॉल रिकामा होता आणि छत उंच, त्यामुळे ते माझ्यापर्यंत नीट पोचलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर, गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी होते. कोणी काही विचारलं तर समजावून सांगायचं एवढंच माझं काम होतं, आणि आठवडा होत आला तरी मला कोणी काही विचारलं नव्हतं. धाकटी म्हणाली, “मग हितं कशाला उभी केलीया तिला?” थोरली म्हणाली, “शोभेला.” दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. त्या वयात मी काहीच दाखवत नसे. शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा आणि गावात इंग्रजी शब्द तोंडातून गेला की पोरं चिडवायची, तेव्हा मध्येच कधीतरी मी गप्प राहायचं ठरवून टाकलं होतं आणि ते मला जमलंही होतं.

बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. लोणावळा आणि भोवतालची काही गावं यांचा नवा आराखडा तयार झाला होता. कुठला रस्ता रुंद होणार, कुठे बाग, कुठे वाहनतळ, हे लोकांना पाहता यावं आणि कोणाची हरकत असेल तर ती घेता यावी, म्हणून तो महिनाभर पालिकेच्या कलादालनात मांडून ठेवला होता. एरवी तिथे शाळकरी मुलांची आणि हौशी चित्रकारांची चित्रं लागायची. त्याच खिळ्यांवर आता नकाशे लटकत होते, आणि चित्रांसाठी लावलेले पिवळसर दिवे त्यांच्यावर असे पडायचे की तो आराखडाही कोणीतरी हौसेनं रंगवला असावा असं वाटायचं. मांडणीचं काम पुण्याच्या एका एजन्सीकडे होतं आणि त्यांना दोन्ही भाषा येणारी इथलीच मुलगी हवी होती. बाबा आंबीला कारखान्यात पाळीवर जात. तिथे कोणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं. “तेवढंच चार माणसांत बोलायला शिकशील,” ते म्हणाले. आईनं मला दोन कुडते शिवून दिले.

आम्ही मूळचे औंढ्याचे. माझ्या शाळेसाठी आईबाबा लोणावळ्यात दोन खोल्या घेऊन राहिले आणि गावचं घर हौसाआत्याकडे राहिलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माहेरी परत आली तेव्हा आजोबांनी ओढ्याकाठची चार भातखाचरं आणि घर तिच्या नावानं करून दिलं. मला चालायला तिनं शिकवलं, असं आई सांगते. मला आठवतं ते एवढंच, की प्रत्येक शनिवारी शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची आणि रविवारी संध्याकाळी परत येताना घरी येईपर्यंत रडायची.

आत्याच्या घरात सगळ्यात आधी वास यायचा. इंद्रायणी तांदूळ चुलीवर शिजत आला की तो वास दारातून बाहेर येऊन ओढ्यापर्यंत जायचा. भात ती मऊ करायची, वर कुळथाचं पिठलं, आणि उन्हाळ्यात करवंदाची चटणी, पाट्यावर वाटलेली. ती वाटताना पाट्याचा आणि तिच्या बांगड्यांचा मिळून एक आवाज व्हायचा. मागे लांबवर महामार्गाचा आवाज सतत असायचा, पण तो आम्हाला ऐकू यायचा थांबला होता. वैशाखात ती राब भाजायची. खाचराच्या एका कोपऱ्यात शेणाच्या गोवऱ्या, पालापाचोळा, त्यावर माती असे थर द्यायचे आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावायची. मग पावसाच्या तोंडावर त्या जळक्या मातीत भाताचं बी टाकायचं. त्या दिवसांत तिच्या केसांना, पातळाला, अंथरुणालासुद्धा धुराचा वास असायचा. वर्गातल्या मुली सुट्टीत कुठे कुठे जाऊन यायच्या आणि मी कपड्यांना धुराचा वास घेऊन यायची. तो जावा म्हणून मी घरी आल्या आल्या केस धुवायची. ते आठवलं की आज मला माझाच राग येतो.

तर त्या दोघी. त्या नकाशात औंढं शोधत होत्या आणि सापडत नव्हतं, कारण नकाशावर गट क्रमांक होते, झाडं नव्हती. बराच वेळ मी पाहत राहिले. मग कसं कोण जाणे, पुढे गेले आणि ओढ्याच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं. “हा तुमचा ओढा,” मी म्हणाले. “हा पूल. पुलाच्या अलीकडे...” आणि तिथे माझं बोट थांबलं. पुलाच्या अलीकडे आत्याची खाचरं होती. त्यांच्यावर पिवळ्या तिरक्या रेघा होत्या आणि सूचीत त्या रेघांसमोर लिहिलं होतं: प्रस्तावित वाहनतळ. सात दिवस मी त्या नकाशाशेजारी उभी होते आणि आत्याचं घर त्यात असू शकतं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“काय गं, काय झालं?” थोरली म्हणाली.

“ही माझ्या आत्याची जमीन आहे.”

“म्हंजी तू हौसाबाईची?” तिनं माझ्याकडे नव्यानं पाहिलं. “आगं बाई. आन आमी तुला शोभेची म्हनलो.”

थोरलीनं गावात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आत्या आली. राबाचं काम अर्धं टाकून आली होती, तरी हिरवं इरकली लुगडं नेसून, पायात धुतलेल्या चपला. वाड्यावस्त्यांवरच्या आणखी पाच-सहा बायका आणि दोन म्हातारे बरोबर होते. आत शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या; त्या हॉलमध्ये त्या महिनाभरात चपला काढून आलेली माणसं तेवढीच. मी तिला पिवळ्या रेघा दाखवल्या. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला.

“समदं?” ती म्हणाली.

“घर पण.”

“गाड्या लावायला?”

“हो. फिरायला येणाऱ्यांच्या.”

तिनं रेघांवरचा हात उचलला. मग तिनं नकाशावर वरच्या बाजूला बोट ठेवलं. “आन हा माळ रिकामाच की. ह्याच्यावर कुसळ बी उगवत न्हाई. हितं लावा म्हनावं गाड्या, कितीबी. कुनाला सांगायचं हे?”

दाराशी टेबलावर एक वही असायची. लाल कापडी बांधणीची, शेजारी दोरीनं बांधलेलं पेन. तीस दिवसांत हरकत घेता येते हे मला माहीत होतं, आणि हॉलमध्ये लिहायला ठेवलेली ती एकच वस्तू होती. मी ती उघडली. आधीच्या पानांवर जुन्या प्रदर्शनांबद्दल लिहिलेलं होतं, ‘रंगसंगती सुंदर’, ‘चिमुकल्यांचे कौतुक’, असं. मी कोरं पान काढलं. आत्यानं ती वही पाहिली आणि तिचा चेहरा सैल झाला.

हे मला नंतर कळलं, तिला वही पाहून का बरं वाटलं ते. आमच्याकडे सगळं वहीत असतं. लग्नातला आहेर वहीत चढला की पोचला. सप्त्याच्या वहीत नाव घातलं की त्या दिवशीची पंगत आपली, मग ते कोणी बदलत नाही. चार माणसांसमोर वहीत लिहिलेलं नाव म्हणजे दिलेला शब्द. अर्ज, पोच, शिक्का ही माणसं आयुष्यभर टाळत आलेली, पण वहीवर त्यांचा विश्वास होता.

“लिव,” आत्या म्हणाली. “हौसाबाई म्हन. आमची चार खाचरं आन घर ह्यात जातंया. दुसरी जमीन न्हाई. रेघ वर माळावर सरकवा म्हनावं. आन नीट लिव, इनंती म्हनून लिव, भांडल्यावानी नको.”

माझं मराठी अक्षर तेव्हा दुसरीतल्या मुलासारखं होतं. मी हळूहळू लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्यानं खाली सही केली. तिची सही पूर्ण व्हायला वेळ लागायचा, आम्ही सगळे थांबलो. मग बाकीच्यांनी आपापलं लिहून घेतलं. पुढचे काही दिवस रोज कोणीतरी येत राहिलं. “हौसाबाईची भाची कुटं हाये?” असं दारातूनच विचारायचे. मी खुर्ची ओढून वहीपाशीच बसायला लागले. कोणाचा गोठा, कोणाची विहीर, सगळं मी लिहिलं, पानंच्या पानं. मी बोलत होते, माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. एका म्हाताऱ्यानं मला लिमलेटच्या गोळ्या आणून दिल्या. मला खोटं लिहायचं नाही म्हणून सांगते, मला ते दिवस फार आवडले.

मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा एक बंगलेवाले गृहस्थ आले. त्यांच्या कुंपणाचा कोपरा रस्त्यात जात होता. त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही, एजन्सीच्या मानसी मॅडमना सरळ विचारलं, “हरकत कुठे घेतात? मला पोच हवी.” मॅडम त्यांना शेजारच्या इमारतीतली आवक खिडकी दाखवून आल्या. चहा आला होता. मी विचारलं, “मग वहीतल्या हरकतींची पोच कशी देणार?”

“कुठल्या वहीतल्या?”

“लोकांनी लिहिल्यात त्या. म्हणजे मी लिहिल्यात.”

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या वाईट नव्हत्या, हे मला इथे लिहायला हवं. “अगं श्रद्धा, ती गॅलरीची वही आहे. चित्रं आवडली की लोक लिहितात ना, त्याची. हरकत छापील नमुन्यावर द्यायची, सातबाऱ्याची प्रत जोडून, त्या खिडकीवर. बाहेर बोर्डवर लिहिलंय की सगळं.” लिहिलेलं होतंच. पहिल्या दिवशी मी तो बोर्ड वाचून पुढे गेले होते. “ती वही कोणी उघडणारसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. मग माझं तोंड पाहून त्यांनी ड्रॉवरमधून कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा काढून दिला. “परवा पाचपर्यंत वेळ आहे. सांग त्यांना. फोन कर, नाहीतर जाऊन ये.”

मी गेले. त्याच संध्याकाळी, पिशवीत तो गठ्ठा घेऊन. आत्याचा राब नुकताच भाजून झाला होता, खाचराचा कोपरा काळा पडला होता आणि अजून थोडा धुमसत होता. ओट्यावर वस्तीवरच्या तिघीजणी बसल्या होत्या. त्यातली एक ती नकाशासमोरची थोरली. मला पाहून आत्यानं आतून परात आणली, करवंदांनी भरलेली.

“ही बगा आमची वकीलीन,” थोरली म्हणाली.

“व्हय तर,” आत्या म्हणाली. “समद्यांचं लिवलं तिनं. वाचून बी दाखिवलं. मी म्हनलं व्हतं ना हिच्या बापाला, पोरीला शिकू दे, लय उपयोगी पडंल. आता रेघ सरकती का न्हाई बगा.”

“न्हाई सरकली तर हिलाच धरू,” तिसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी करवंदं खाल्ली. बोटं चिकट झाली. पिशवी मांडीवर होती. मी मनात वाक्य तयार करत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि ते तयार झालं की कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि मग मला ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. या बायका गेल्या की आत्याला एकटीला सांगू, असं मी ठरवलं. त्या गेल्या. आत्यानं भात वाढला. मला आवडते म्हणून करवंदाची चटणी केली होती, वर तेलाची धार. ती समोर बसून माझ्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात इतका अभिमान होता की तो माझ्याच तोंडानं पुसून टाकायचं मला जमलं नाही. उद्या सांगू, मी म्हटलं. नाहीतर नमुना मीच भरून देईन. पण त्यावर तिची सही लागणार होती, सातबारा लागणार होता, म्हणजे सांगावंच लागणार होतं. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून मी घरी पडून राहिले. तिसऱ्या दिवशी कामावर गेले आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिले. पाच वाजता शेजारच्या इमारतीतली ती खिडकी बंद झाल्याचा आवाज मला हॉलमध्ये ऐकू आला. मॅडमनी विचारलं, “सांगितलंस ना?” मी मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

लोकांना वाटतं की माणूस मोठी चूक करतो तेव्हा त्याला ती करताना कळतं. मला तेव्हा फक्त लाज वाटत होती. आपल्याला आता कोणी वकिलीण म्हणणार नाही, एवढ्याच भीतीपायी मी एका बाईचं घर आणि चार खाचरं जाऊ देते आहे, असं मी स्वतःला म्हटलं नाही. तसं स्पष्ट म्हटलं असतं तर कदाचित मी उठून गेले असते.

आज आत्या आमच्याकडे राहते, लोणावळ्याच्या त्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी. दुकानातला तांदूळ ती दोनदोनदा धुते आणि शिजल्यावर वास घेऊन पाहते. मी औंढ्याकडे जाणं टाळते. एकदा कार्ल्याहून येणाऱ्या बसमधून दिसलं होतं: डांबर, पांढरे पट्टे, एका कडेला भजी आणि मक्याची कणसं विकणाऱ्या टपऱ्या. वरचा माळ रिकामाच आहे.

हरकतींची सुनावणी त्याच वर्षी दिवाळीनंतर झाली होती, त्याच कलादालनात. नकाशे पुन्हा लटकवले होते, मध्ये लांब टेबल, मागे तीन अधिकारी, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या. मला आत्यानं बरोबर नेलं होतं, वाचायला कोणी हवं म्हणून. भात कापून झाला होता, तिनं साहेबांना दाखवायला मूठभर नव्या लोंब्या पदरात बांधून आणल्या होत्या. कारकून यादीतून नाव पुकारायचा, माणूस पुढे जायचा, आपलं म्हणणं मांडायचा. बंगलेवाल्यांचं नाव आलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं, अधिकाऱ्यांनी पेन्सिलनं काहीतरी केलं आणि कुंपणाचा कोपरा सुटला. ते पाहून आत्यानं माझा हात दाबला. “बग, सरकवत्यात,” ती म्हणाली. मी जेवणाचा डबा पुढे केला तर म्हणाली, “नाव होऊ दे, मग खाऊ.” मी यादी पाहिली नव्हती. मला पाहायची गरज नव्हती. प्रत्येक नावाला ती थोडी उठल्यासारखी करायची आणि पुन्हा बसायची.

यादी संपली. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “आणखी कोणी?”

आत्या उठली. “माजं ऱ्हायलं, सायेब. हौसाबाई, औंढं.”

कारकुनानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. “नाही, मावशी. तुमचा अर्ज नाही.”

“हाये की. हितंच दिला. वहीत.”

“कुठल्या वहीत?”

आत्यानं दाराशेजारच्या टेबलाकडे हात केला. वही तिथेच होती. कारकून जाऊन ती घेऊन आला, साहेबांनी पानं उलटली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. ते म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सगळी पानं वाचली, माझ्या त्या दुसरीतल्या अक्षरातली. मग वही मिटून ते म्हणाले, “मावशी, हे मला धरता येत नाही हो. अर्ज द्यायला हवा होता, मुदतीत. आता माझ्या हातात काही नाही.” कोणीतरी मागून विचारलं, “हे लिहिलं कोणी?” खुर्च्या करकरल्या आणि सगळी माणसं माझ्याकडे वळली. थोरलीही होती त्यात.

आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझ्या आणि त्या लोकांच्या मध्ये. पदरातल्या लोंब्या तिनं मुठीत धरल्या होत्या. “पोरीला कुनी काय बोलू नका,” ती म्हणाली. “तिनं लय मनापासून लिवलं. तिला तरी काय ठावं व्हतं? ती बी आमच्यासारखीच फसली, सायेब. लेकरू हाये ते.” आणि मागे हात करून, माझ्याकडे न पाहताच, तिनं माझं मनगट धरलं.

मी उभी राहिले. माझा आवाज त्या उंच छताच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“नाही आत्या. मला माहीत होतं. मुदत संपायच्या दोन दिवस आधी मला कळलं होतं, आणि मी तुझ्या घरी जेवून परत आले.”